१६ पासून ४८ पर्यंत : एका जुन्या संगणकाची स्मृती वाढविताना

आपल्या शाळेच्या विज्ञान-कक्षात खिडकीजवळच्या टेबलावर एक काळी, वहीच्या आकाराची पेटी ठेवलेली आहे. तिच्यावर ४० रबरी कळा असून उजव्या कोपऱ्यात चार रंगांचे तिरपे पट्टे आहेत. पालक-मेळाव्यास येणारी मंडळी तिला खेळणे समजतात. प्रत्यक्षात तो एक संपूर्ण संगणक आहे. परदेशात नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारातून तो घेतला आणि शाळेस भेट दिला. या संगणकाची स्मृती आम्ही विद्यार्थ्यांच्या सोबतीने, डाख देऊन, तिप्पट कशी केली, याचा वृत्तान्त या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. वृत्तान्त लिहिण्याचे कारण केवळ यंत्राचे कौतुक नाही. हे काम करताना आमच्या हातून एक चूक घडली आणि ती ज्या रीतीने सापडली, ती रीत आम्हांस शिक्षणाच्या दृष्टीने मोलाची वाटते.

यंत्राची ओळख

या संगणकाचे नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडमधील केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने तो २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. त्याचे दोन प्रकार होते. १६ किलोबाइट स्मृतीचा संगणक १२५ पौंडांस आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांस मिळे. सामान्य कुटुंबास परवडावा, घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडता यावा आणि साध्या कॅसेटवर कार्यक्रम साठविता यावेत, अशी त्याची रचना होती.

आपल्या देशासही या पिढीची यंत्रे अपरिचित नव्हती. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले होते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने याच स्पेक्ट्रमची पुढील आवृत्ती भारतीय बाजारात आणली. म्हणजे आमच्या टेबलावरील पेटीची एक धाकटी बहीण महाराष्ट्रातच नांदत होती. मात्र त्या काळी मराठवाड्यातील वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांपर्यंत असे यंत्र पोहोचणे दुरापास्तच होते.

आमच्याकडे आलेला संगणक १६ किलोबाइटचा, म्हणजे स्वस्त प्रकारातला निघाला.

जागा संपली म्हणजे काय संपले?

नववीच्या काही विद्यार्थ्यांनी या संगणकावर लहान मुलांसाठी बाराखडीचा पाठ करावयाचे ठरविले. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही. परंतु त्यात प्रत्येक अक्षर ८ आडव्या आणि ८ उभ्या चौकटींत काढलेले असते आणि त्यासाठी ८ बाइट लागतात. वापरणाऱ्यास स्वतःची २१ अक्षरे रेखाटण्याची मुभा यंत्र देते आणि थोड्या युक्तीने अधिकही अक्षरे करता येतात. मुलांनी चौकटीच्या वहीत एकेक अक्षर रंगविले. एका व्यंजनाच्या बाराखडीस १२ आकृत्या, ३४ व्यंजनांच्या ४०८ आकृत्या आणि प्रत्येकीस ८ बाइट, म्हणजे एकूण ३,२६४ बाइट, हा हिशेब त्यांनीच फळ्यावर मांडला.

१६ किलोबाइटपैकी ६,९१२ बाइट पडद्यावरील चित्रासाठीच राखलेले असतात. काही भाग यंत्राच्या स्वतःच्या नोंदींना लागतो. उरतात सुमारे ९ किलोबाइट. त्यातील एक तृतीयांशाहून अधिक जागा नुसत्या अक्षरांनी व्यापली. मग शब्द आले, चित्रे आली, आणि एके दिवशी पडद्याच्या तळाशी ‘४ आउट ऑफ मेमरी’ असा संदेश उमटला.

शाळेच्या संगणक-कक्षात आधुनिक संगणक आहेत. त्यावर हाच पाठ सहज झाला असता आणि आम्ही तसे सुचविलेही. त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, जागा संपली म्हणजे नेमके काय संपले?” आधुनिक संगणकात या प्रश्नाचे उत्तर दाखविता येत नाही, केवळ सांगता येते. या जुन्या पेटीचे मात्र पाच स्क्रू काढले की उत्तर डोळ्यांनी दिसते. भगवान बुद्धांचा धम्म ‘एहिपस्सिक’ आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा असे सांगणारा आहे, असे आम्ही वंदनेच्या वेळी मुलांना समजावून देतो. प्रयोगशाळेत त्याच मुलांना ‘विश्वास ठेवा’ असे सांगणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आम्ही पेटी उघडली.

स्मृतीची घडण

आत एक हिरवी पाटी म्हणजे सर्किट बोर्ड आहे. त्यावर झेड-८० नावाचा प्रोसेसर आहे. त्याच्या १६ पत्ता-तारांवर ० किंवा १ असे संकेत देऊन ६५,५३६ निरनिराळे पत्ते तयार करता येतात. पहिले १६,३८४ पत्ते कायम स्मृतीचे, म्हणजे कारखान्यातच लिहिलेल्या मजकुराचे असतात. १६,३८४ ते ३२,७६७ हे पत्ते बदलत्या स्मृतीचे. ३२,७६८ पासून ६५,५३५ पर्यंतचे पत्ते आमच्या यंत्रात अस्तित्वात होते, पण तेथे काहीच नव्हते. गावाबाहेरच्या लेआउटमध्ये प्लॉट पाडलेले असावेत, रस्ते आखलेले असावेत, पण घर एकही नसावे, तशी ही स्थिती होती. पाटीवर १२ चिपांच्या रिकाम्या जागा पांढऱ्या रेषांनी आखलेल्या दिसत होत्या. जागा ‘संपली’ नव्हती. ती बांधलीच गेली नव्हती.

स्मृतीच्या चिपेत प्रत्येक बिटासाठी विजेचा अत्यंत सूक्ष्म साठा असतो. साठा भरलेला म्हणजे १ आणि रिकामा म्हणजे ०. हा साठा गळक्या रांजणासारखा असतो. भरून ठेवला तरी क्षणार्धात ओसरू लागतो. म्हणून प्रत्येक साठा पुनःपुन्हा वाचून पुन्हा भरावा लागतो. या यंत्रातील मूळच्या ४११६ क्रमांकाच्या चिपांना दर २ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात, ही उजळणी आवश्यक असते. झेड-८० प्रोसेसरमध्ये अशा उजळणीची सोय अंगभूत आहे. या प्रकारच्या स्मृतीत टिकून राहणे म्हणजे एकदा लिहून मोकळे होणे नव्हे, तर अखंड जागे राहणे होय. सम्यक स्मृतीचा अर्थ शिकलेल्या आमच्या मुलांना हे विशेष समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट अशी की, एक चिप प्रत्येक पत्त्याचा एकच बिट सांभाळते. बाइटात ८ बिट, म्हणून ८ चिपा. आठ मुलांनी एकेक अक्षर हाती धरून आठ अक्षरी शब्द दाखवावा तसे हे आहे. एक मूल गैरहजर राहिले तर प्रत्येक शब्दात तेच ठिकाण चुकते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचाच उपयोग झाला.

१२ चिपा, १८८ डाख

नव्या ३२ किलोबाइटसाठी ८ स्मृती-चिपा लागतात आणि त्यांना मदतनीस म्हणून ४ लहान चिपा लागतात. स्मृती-चिपेला पत्त्यासाठी आठच पाय असतात. म्हणून पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागतो. आधी आडवी रांग, मग उभी रांग. सभागृहात बसलेल्या मुलाचा शोध घेताना आपण आधी रांग सांगतो आणि मग रांगेतील क्रमांक सांगतो, तसेच हे. हे दोन हप्ते आलटून पालटून पाठविण्याचे काम ७४ एलएस १५७ या दोन चिपा करतात. ७४ एलएस ३२ आणि ७४ एलएस ०० या दोन चिपा, हाक वरच्या स्मृतीसाठी आहे की खालच्या, हे ओळखून योग्य वेळी इशारा देतात.

मूळ कारखान्यात या जागी ४५३२ जातीच्या चिपा बसवीत. त्यांची कथा ऐकण्याजोगी आहे. त्या मुळात ६४ किलोबिटच्या चिपा असत. तयार होताना ज्यांचा एक अर्धा भाग सदोष निघे, त्या फेकून न देता निर्दोष अर्ध्या भागासाठी स्वस्तात विकल्या जात. कोणता अर्धा भाग वापरायचा हे पाटीवर एक लहानशी तार जोडून ठरवीत. आठही चिपा एकाच बाजूने चांगल्या असणे आवश्यक असे. लाखो घरांत पोहोचलेल्या संगणकाची अधिकांश स्मृती अशा ‘नापास’ ठरलेल्या चिपांवर उभी होती, हे ऐकून वर्गात जो आनंद पसरला, त्याची कारणे निवासी शाळेतील शिक्षकास उमगू शकतात.

आज ४५३२ मिळणे कठीण आहे. आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४१६४ या, दोन्ही भाग चांगले असलेल्या चिपा मागविल्या. त्या चालतात, त्यांचा अर्धा भाग मात्र वापराविना राहतो.

येथे एक सावधगिरी सांगणे कर्तव्य आहे. ४१६४ आणि जुनी ४११६ या दोन्ही चिपा १६ पायांच्या व दिसावयास जुळ्या आहेत. ४१६४ ला केवळ ५ व्होल्ट लागतात व ते आठव्या पायावर द्यावयाचे असतात. ४११६ च्या आठव्या पायावर मात्र १२ व्होल्ट येतात. एकीच्या जागी दुसरी बसविली तर चिप जळते. तसेच ७४ एलएस १५७ ही देखील १६ पायांचीच असून तिचे ५ व्होल्ट सोळाव्या पायावर असतात. तेव्हा सारखेपणावर न जाता क्रमांक वाचावा, आणि चिपेच्या टोकाची खाच पाटीवरील खाचेशी जुळवावी.

हाताचे काम

सोल्डरिंगला आपल्याकडील जुन्या कारागिरांचा शब्द डाख देणे असा आहे. सोनार आणि तांबट पिढ्यान्‌पिढ्या हे करीत आले. इलेक्ट्रॉनिक्समधील डाख कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा असतो. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे घेतल्यास तो १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. तारेच्या पोटात राळ असते. ती धातूवरील गंज दूर करून डाख पसरू देते.

आमच्या पाटीवरील छिद्रे जुन्या डाखाने बुजलेली होती. प्रथम ती मोकळी करावी लागली. एका हाताने आयर्न टेकवून डाख वितळवावयाचा आणि दुसऱ्या हातातील सोल्डर सकरने तो ओढून घ्यावयाचा. दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ उष्णता दिली तर तांब्याची पातळ पट्टी पाटीवरून सुटते आणि मग ती पुन्हा चिकटविता येत नाही. म्हणून मुलांकडून आठवडाभर आधी एका मोडक्या रेडिओच्या पाटीवर सराव करून घेतला.

चिपा थेट डाखण्याऐवजी आम्ही सॉकेट बसविले, म्हणजे चिप बिघडल्यास बदलता येते. स्मृतीच्या ८ चिपांचे १२८ पाय, दोन १५७ चिपांचे ३२ आणि उरलेल्या दोन १४ पायी चिपांचे २८, असे एकूण १८८ डाख झाले. चांगल्या डाखाची खूण मुलांनी लवकर आत्मसात केली. तो चकचकीत असतो, पायाभोवती लहानशा टेकडीसारखा उतरता चढलेला असतो. मंद, खडबडीत किंवा गोळीसारखा बसलेला डाख कच्चा समजावा. नियम असा की, आयर्नने पाय आणि पट्टी दोन्ही तापवावीत आणि डाखाची तार त्या तापलेल्या जोडाला लावावी, आयर्नच्या टोकाला नव्हे.

एका वहीत १८८ ओळी आखून प्रत्येक डाखासमोर तो कोणी दिला त्याची आद्याक्षरे लिहावयाची, असे ठरले. वही शिक्षेसाठी नाही, शोधासाठी आहे, हे पहिल्याच पानावर लिहिले.

काम पावसाळ्यात केले, यालाही कारण आहे. परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते. ती आपल्याला जाणवतही नाही, पण स्मृती-चिपेचा नाश करू शकते. चिपेला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूस स्पर्श करण्याची सवय मुलांना लावली. खिडक्या उघड्या ठेवल्या, डोळ्यांस चष्मे दिले आणि काम संपताच साबणाने हात धुतल्याखेरीज कोणास भोजनगृहात जाऊ दिले नाही. शिसे विषारी आहे, हे विसरून चालत नाही.

चूक आणि तिचा शोध

सॉकेट बसल्यावर चिपा न घालता वीज दिली आणि मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेटवर ५ व्होल्ट योग्य पायावर येत असल्याची खात्री केली. वीज देणाऱ्या अडॅप्टरबाबत एवढे सांगणे इष्ट की, स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. आपल्याकडील अनेक अडॅप्टरांत तो धन असतो, म्हणून हाताशी आलेला अडॅप्टर जोडू नये. मग चिपा बसविल्या, निवड-तार जोडली आणि शाळेतील जुना दूरचित्रवाणी संच लावला.

स्मृती किती आहे हे विचारण्याची एक आज्ञा आहे : प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आले तर ४८ किलोबाइट. उत्तर आले ३२७६७. म्हणजे जसे होते तसेच. मुलांचे चेहरे उतरले.

स्पेक्ट्रम सुरू होताना प्रत्येक पत्त्यावर एक अंक लिहितो, तो घटवून पाहतो आणि जेथे पहिली विसंगती आढळेल तेथे स्मृती संपली असे मानतो. तेव्हा ३२७६७ याचा अर्थ वरची स्मृती नाही असा नव्हे, तर तिच्या पहिल्याच पत्त्यावर काही चुकते आहे इतकाच. हे फळ्यावर मांडल्यावर एका विद्यार्थिनीने सुचविले की, आपण स्वतःच तेथे अंक लिहून वाचून पाहावा. ३२७६८ या पत्त्यावर २५५ लिहिले. २५५ परत आले. ० लिहिले; ८ परत आले. पुढील पत्त्यावरही तेच, त्याच्या पुढीलही तेच.

बिटांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढतात. ० लिहूनही ८ येतात, म्हणजे चौथा बिट नेहमी १ च वाचला जातो. सात मुले हजर आहेत आणि चौथे मूल हाकेस ओ देत नाही. चौथ्या बिटाची चिप दुसऱ्या चिपेशी बदलून पाहिली. दोष त्याच जागी राहिला. म्हणजे चिप निर्दोष, सॉकेट संशयित. पाटी उलटून भिंगातून पाहिले असता चौदाव्या पायाचा, म्हणजे चिप ज्या पायातून उत्तर देते त्या पायाचा डाख मंद आणि गोळीसारखा बसलेला दिसला. ओ देण्याचा मार्गच तुटलेला होता.

वही उघडली. त्या ओळीसमोर आद्याक्षरे एका शिक्षकाची, म्हणजे आमच्यापैकीच एकाची होती. त्या सायंकाळी वीज जाऊन आयर्न निवत आले असताना ‘एवढा एकच राहिला’ म्हणून घाईने दिलेला तो डाख होता. मुले क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. चुकीचा धनी शिक्षक निघाला तर काय होते, हे त्यांना पाहावयाचे होते. आम्ही वहीत ‘कच्चा डाख, घाई’ अशी नोंद केली आणि आयर्न त्या विद्यार्थिनीच्या हाती दिले. तिने जोड तापविला, तार टेकविली, हात स्थिर ठेवून थंड होऊ दिला. आज्ञा पुन्हा दिली. ६५५३५.

या उद्योगाचे फलित

बाराखडीचा पाठ आता पूर्ण चालतो. पहिलीची मुले रबरी कळा दाबून ‘क’ ला काना, वेलांटी देतात. अक्षरे ओबडधोबड आहेत, पण ती त्यांच्या ताई-दादांनी काढलेली आहेत. आजच्या संगणकांच्या मानाने ४८ किलोबाइट म्हणजे काहीच नाही, हे आम्ही जाणतो. आज वापरात असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. त्या हिशेबाने आम्ही वाढविलेल्या ३२ किलोबाइटमध्ये जेमतेम ११ हजार चिन्हे मावतील. लाभ बाइटांत मोजावयाचा नाही.

आपल्या समाजातील मागील पिढ्यांच्या हातांत कौशल्य नव्हते असे नाही. कातडे कमावणे, दोर वळणे, बांबू विणणे ही कामे ज्ञानाशिवाय होत नाहीत. परंतु ती निवडण्याचा अधिकार नव्हता आणि त्यांमागील ज्ञानास ज्ञान म्हणण्याची तयारी नव्हती. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. आजही एक सूक्ष्म विभागणी शिल्लक आहे. काही मुले यंत्र वापरतात आणि काही मुले ते कसे चालते हे जाणतात. आमच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या गटात बसावे, हात आणि बुद्धी यांची त्यांच्यात फारकत होऊ नये, एवढाच या उद्योगाचा हेतू होता.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्या घरी बंद पडलेला रेडिओ, जुना संगणक, मोडका दूरचित्रवाणी संच असेल तर तो भंगारात देण्यापूर्वी शाळेचे स्मरण ठेवावे. देणगीचे महत्त्व आहेच, पण उघडून पाहता येईल अशी वस्तू हेही दान आहे. पालकांनी शाळेत आल्यावर खिडकीजवळच्या टेबलापाशी अवश्य थांबावे. पेटीशेजारी १८८ ओळींची वही ठेवलेली आहे. ती जरूर चाळावी, आणि चुकीची नोंद असलेली ओळ कोणाची, हे आपल्या पाल्यास विचारावे. ते आनंदाने सांगतील.